चौथीच्या वर्गात 'श्यामची आई' वाचतेय, पण मुलं रमत नाहीत

जि.प. शिक्षिका, परभणी
नमस्कार. मधल्या सुट्टीनंतरचा अर्धा तास आमच्याकडे अवांतर वाचनाचा असतो. यंदा सुट्या गोष्टींऐवजी वर्गाने मिळून एक अख्खं पुस्तक वाचावं म्हणून 'श्यामची आई' घेतलं. पण सोवळं, खोत, पडवी हे शब्द मुलांनी ऐकलेलेच नाहीत. पहिल्याच रात्रीला (पुस्तकात प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय), सावित्री-व्रताला, निम्मा वर्ग चुळबुळ करायला लागला. संक्षिप्त आवृत्ती आणू का? की दरवेळी तात्पर्य सांगून पुढे जाऊ?

पुस्तकपेटी
संक्षिप्त नको. त्यात गोष्ट उरते, पण आईचं बोलणं जातं. कठीण शब्द वाचता वाचताच सांगून टाका, फळ्यावर शब्दार्थ लिहीत बसू नका.

दापोलीकर मास्तर
बाई, क्रम मोडा. एकूण बेचाळीस रात्री, आणि जवळपास प्रत्येक रात्र स्वतंत्र गोष्ट आहे. 'श्यामचे पोहणे'पासून सुरुवात करा. पाण्याला घाबरून लपलेला मुलगा आणि हातात शिंपटी घेतलेली आई यांना कोकणाची ओळख लागत नाही. माझ्या वर्गात "मारायला नको होतं" आणि "मग तो पोहायला शिकला कसा असता?" असे दोन तट पडले. मी मध्ये पडलो नाही. तास संपला तरी भांडण चालूच होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक काढायची आठवण मुलांनीच केली.

पुस्तक तुम्ही मोठ्याने वाचा, मुलांकडून पाळीपाळीने वाचून घेऊ नका. श्याम आश्रमातल्या मित्रांना प्रार्थनेनंतर या गोष्टी सांगतोय, त्यामुळे ते कानाने ऐकायचंच पुस्तक आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, एवढं मुलांना जरूर सांगा. तुरुंगात बसून माणूस आईबद्दल का लिहितो, याची उत्तरं मुलं फार सुंदर देतात.

'पत्रावळ' वाचाल त्या दिवशी पानं आणि काड्या घेऊन बसा. तुमच्याकडे पळस मिळेलच. पान फाटलं, काडी मोडली की श्याम का रडकुंडीला आला ते सांगावं लागत नाही.

आणि तात्पर्य अजिबात विचारू नका. "यातून काय शिकलात?" म्हटलं की मुलं "आईचं ऐकावं" एवढं एकच उत्तर घोकतात. त्यापेक्षा 'अळणी भाजी'नंतर विचारा, भाजीत मीठ नाही हे वडिलांनी सांगायला हवं होतं का?

जि.प. शिक्षिका, परभणी
मास्तर, मनापासून आभार. एक विचारते. 'देवाला सारी प्रिय' वाचायची की सोडायची? आमच्या वर्गात सगळ्या समाजाची मुलं आहेत.

दापोलीकर मास्तर
वाचा, आणि त्यातलं एक वाक्यही गाळू नका. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीच्या डोक्यावर मोळी द्यायला आई श्यामला पाठवते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. माझ्याकडे एका मुलीने ताडकन विचारलं, "मदत केली ना, मग आंघोळ कशाला?" मी सरळ सांगितलं, त्या काळी शिवाशीव पाळत, ते चूक होतं, आणि आई चांगली असूनही त्यातून पुरती सुटली नव्हती. मुलांना हे पेलतं. आईला देव करून ठेवलं तर तो प्रश्न त्या मुलीच्या तोंडून आलाच नसता. पुढे १९४७ साली गुरुजी पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, तेही त्याच तासाला सांगा.

फक्त ती रात्र शुक्रवार-शनिवारी घेऊ नका. मुलं घरी जाऊन विचारतात, घरची उत्तरं घेऊन परत येतात, आणि त्यावर बोलायला दुसऱ्या दिवशी तास हाताशी हवा.