मदत हवी आहे: 'एम.डी. (फिजिशियन)' म्हणजे नक्की कोण? आईला दाखवायचंय, लवकर सांगा

ऋजुता_बी
थेट मुद्द्यावर येते. आईच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. घराजवळ नवीन फिजिशियन आलेत. पाटीवर 'एम.डी. (फिजिशियन), मधुमेह, हृदयरोग व थायरॉइड तज्ज्ञ' असं आहे, पुढे आणखी बरीच अक्षरं. नेटवर पाचपैकी पाच तारे, पण सगळे अभिप्राय एकाच आठवड्यात लिहिलेले. शनिवारचा नंबर मिळतोय. घ्यायचा का? डॉक्टरांचं शिक्षण, आधीचं काम वगैरे कुठे बघायला मिळतं? 'डॉक्टरवर विश्वास हवा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

गोदाकाठ
गाव कुठलं? आईंचं वय? त्रास काय? पाटीवरची उरलेली अक्षरं कोणती? काहीच न सांगता 'घ्यायचा का' विचारलंत तर काय सांगणार?

खडूस_आजोबा
पूर्वी आळीत एक डॉक्टर असायचे. पदवी कोणी विचारत नव्हतं. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून मिक्श्चर द्यायचे आणि माणूस उठून बसायचा. आता आधी दहा टेस्ट, मग बोलणं.

लसूणचटणी
शुगर असेल तर जांभळाच्या बियांची पावडर सुरू करा. माझ्या सासूबाईंची शुगर इतकी खाली आली की डॉक्टरच चकित झाले. कृती हवी असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा.

गोदाकाठ
@लसूणचटणी, गोळ्या चालू असताना वरून पावडर दिली आणि शुगर फार उतरली तर बाई चक्कर येऊन पडतील. धागाकर्तीने आजार सांगितलेला नाही आणि तुम्ही औषध सुरू पण केलंत.

ऋजुता_बी
नाशिक. इंदिरानगर. आई ६८. त्रास नेहमीचाच. मी बंगळुरूला असते, म्हणून इथे विचारतेय. प्रश्न डॉक्टरांबद्दल आहे, आईच्या तब्येतीबद्दल नाही.

गोदाकाठ
ताई, 'नेहमीचाच' म्हणजे कुणाच्या नेहमीचा? डॉक्टर कसा हवा ते त्रासावरच ठरतं ना!

ऋजुता_बी
बरं. शुगर, बीपी, थायरॉइड. गुडघे. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. हल्ली पायाला मुंग्या येतात म्हणते. पाटीवरची बाकी अक्षरं: सी.सी.ई.बी.डी.एम., एम.आय.एम.ए.

निम_सरकारी (मी स्वतः एम.डी. मेडिसिन, दक्षिण महाराष्ट्रात प्रॅक्टिस)
आधी 'एम.डी.'चा गोंधळ सोडवू. आपल्याकडे ही दोन अक्षरं मुख्यतः तीन वेगळ्या वाटांनी मागे लागतात.

एक, एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षं जनरल मेडिसिन. तेवढाच काळ रुग्णालयात राहून नॅशनल बोर्डाची परीक्षा देणारे डी.एन.बी. लावतात, ते याच्याच बरोबरीचं. अमेरिकेत ज्याला इंटर्नल मेडिसिन म्हणतात ते हेच. प्रौढ माणसाचे सगळे मेडिकल आजार एकत्र बघणारा डॉक्टर. याच्या पुढे आणखी तीन वर्षं केली की डी.एम., म्हणजे कार्डिओलॉजी, नेफ्रोलॉजी वगैरे.

दोन, रशिया आणि आजूबाजूच्या देशांतली पदवी. तिकडे बारावीनंतरच्या सहा वर्षांच्या कोर्सलाच 'एम.डी. (फिजिशियन)' म्हणतात. ती आपल्या एम.बी.बी.एस.च्या तोडीची. इथे येऊन एफ.एम.जी.ई. ही परीक्षा, ३०० पैकी १५० गुण मिळवून, पास व्हावी लागते, मग नोंदणी. हे डॉक्टर कायदेशीर असतात, पण तेवढ्यावरून मेडिसिनमधले तज्ज्ञ ठरत नाहीत.

तीन, एम.डी. आयुर्वेद. त्यातली कायचिकित्सा ही शाखा इंटर्नल मेडिसिनला समांतर आहे, पण शास्त्र वेगळं आणि नोंदणीची परिषदही वेगळी.

पाटीवर 'मेडिसिन' न लिहिता कंसात 'फिजिशियन' लिहिलंय, म्हणून मला दुसऱ्या प्रकाराची शंका येते. शंकाच, खात्री नाही. सी.सी.ई.बी.डी.एम. हा मधुमेहाचा सर्टिफिकेट कोर्स आहे. महिन्यातून एक दिवस जाऊन वर्षभरात होतो. चांगला कोर्स आहे, मीही केलाय, पण पदवी नव्हे. एम.आय.एम.ए. म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनचं सभासदत्व. वर्गणी भरली की मिळतं.

वैद्य_पारिजात
'समांतर' हा शब्द वापरलात त्याबद्दल आभार, पण सूर कळला. कायचिकित्सेचं एम.डी. पण तीन वर्षांचंच असतं, डॉक्टरसाहेब. मुंग्यांसाठी आमच्याकडे

वैद्य_पारिजात
(अर्धवट पोस्ट झालं) आमच्याकडे स्नेहन-स्वेदनाने (तेल लावून शेक) उत्तम गुण येतो. तीन डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन मुंग्या आल्यात, चौथा डॉक्टर काय करणार?

निम_सरकारी
चौथ्याने पहिल्या तिघांच्या गोळ्या टेबलावर ओतून बघायच्या असतात. फिजिशियनचं निम्मं काम तेच. शुगरवाल्याने मेटफॉर्मिन दिलेलं असतं, वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही पायाला मुंग्या येतात. लोक मात्र ते शुगरच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. गुडघेवाल्याने दिलेली वेदनाशामक गोळी बीपी चढवते, मूत्रपिंडावर ताण आणते. मग बीपीवाला डोस वाढवतो. कोणीच चुकलेलं नसतं, पण कोणी पूर्ण केसपेपर वाचलेला नसतो.
ताई, हे निदान नाही. न तपासता मी सांगणार नाही. मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.

होबोकन_मराठी
इथे न्यू जर्सीत अगदी सोपं आहे. मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनची परीक्षा. बोर्डाच्या साइटवर नाव टाकलं की सर्टिफाइड आहे की नाही ते दिसतं. राज्याच्या साइटवर लायसन्स, कारवाई झाली असेल तर तीही. नावापुढे एफ.ए.सी.पी. दिसलं तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे फेलो, म्हणजे समव्यावसायिकांनी मान दिलेला. तुम्ही आईंना इकडे आणणार असाल तर इन्शुरन्सचं आधी बघा.

गोदाकाठ
त्या इंदिरानगरला आहेत हो.

पेठेतला_पंत
माझा मेव्हणा लंडनला आहे, त्याचं एम.आर.सी.पी. (तिकडची फिजिशियनची परीक्षा) आहे. तीन टप्प्यांची परीक्षा, शेवटच्या टप्प्यात खरे पेशंट तपासून दाखवावे लागतात. एफ.आर.सी.पी. मात्र परीक्षा नाही, तो नंतर मिळणारा मान. आपल्याकडच्या पाट्यांवर दोन्ही एकाच मापात रंगवतात. अवांतर: नाशिकला चांगली मिसळ हल्ली कुठे मिळते?

ऋजुता_बी
मिसळ नंतर. कुठे शोधायचं ते अजून कोणीच सांगितलेलं नाही!!

गोदाकाठ
सांगतो. ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी लागते. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण. कौन्सिलच्या साइटवर नावाने किंवा क्रमांकाने शोधा. २०२५ मध्ये त्यांनी 'नो युवर डॉक्टर' म्हणून क्यूआर कोडही आणलाय. दवाखान्यात लावलेला असेल तर मोबाइलने स्कॅन करा. नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर देशाचं रजिस्टर आहे, तिथे पदवी, वर्ष, विद्यापीठ दिसतं. रीतसर नोंदलेली असेल तर पुढची पदवीही.
नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे तो दवाखान्यात, चिठ्ठीवर, पावतीवर, सर्टिफिकेटवर असायलाच हवा. पाटीवर आहे का?

ऋजुता_बी
पाटीच्या फोटोत नाही. आईला उद्या फोटो काढायला पाठवते.

खडूस_आजोबा
गुडघे दुखणाऱ्या बाईला फोटो काढायला पाठवणार? काय पिढी!

ऋजुता_बी
शेजारच्या निखिलला पाठवलं. दार उघडल्यावर आत काउंटरमागे क्रमांक आहे. रजिस्टरवर सापडला. नोंदणी चालू. मूळ पदवी रशियातली, 'एम.डी. फिजिशियन', मग इथली नोंदणी. अतिरिक्त पदवीच्या रकान्यात काही नाही. म्हणजे निम_सरकारी म्हणाले तेच. पाटीवरचं 'हृदयरोग तज्ज्ञ' कुठून आलं मग? ही फसवणूक नाही का? तक्रार करू?

पेठेतला_पंत
सरळ बोगस. पोलिसात द्या.

निम_सरकारी
पंत, बोगस म्हणजे ज्याच्याकडे पदवी किंवा नोंदणीच नाही तो. हा माणूस सहा वर्षं शिकलाय, एफ.एम.जी.ई.सारखी परीक्षा पास झालाय. त्या परीक्षेत दरवेळी बहुसंख्य मुलं नापास होतात. सर्दीतापासाठी, चालू बीपीची गोळी लिहून घेण्यासाठी मी स्वतः त्याच्याकडे जाईन. आक्षेप 'तज्ज्ञ' या शब्दाला आणि कुठलं एम.डी. ते न सांगण्याला. त्याची तक्रार कौन्सिलकडे होते, पोलिसात नाही.
आणखी एक: पुढची पदवी रजिस्टरवर दिसली नाही म्हणून ती नसेलच असं धरू नका. कित्येक जण पास झाल्यावर नोंद करायचा कंटाळा करतात. थेट विचारा, 'सर, मेडिसिनचं पीजी कुठून केलंत?' ज्याने केलंय तो कॉलेजचं नाव, युनिटच्या सरांचं नाव, सगळं सांगत बसतो. आम्हाला आवडतं ते.

वैद्य_पारिजात
तज्ज्ञ नसताना तज्ज्ञ लिहिणाऱ्याची एवढी बाजू, आणि आम्ही ॲलोपॅथीची एक गोळी लिहिली की क्रॉसपॅथी!

निम_सरकारी
बाजू कुठे घेतली? वर स्पष्ट 'आक्षेप' लिहिलाय.

होमिओ_हर्षद
क्रॉसपॅथीचा विषय निघालाच आहे तर, आम्ही सरकारमान्य एक वर्षाचा सी.सी.एम.पी. कोर्स करून येतो. २०१४ मध्ये कायदा बदलून ॲलोपॅथीची औषधं द्यायची परवानगी मिळाली आहे. तरी इथे सगळे

गोदाकाठ
तो वेगळा धागा काढा, प्लीज. इथे एका आईला डॉक्टर हवाय.

लसूणचटणी
पावडरीची कृती कुणीच मागितली नाही. असो.

मीनाक्षी_रा
ऋजुता, मी त्याच भागात राहते. पदवी बघितलीस, चांगलं केलंस. पण माझ्या वडिलांच्या वेळी अडलं ते दुसरीकडे. रात्री धाप लागली, तर डॉक्टर म्हणाले मी फक्त ओपीडी बघतो, पेशंट ॲडमिट करत नाही. नवीन हॉस्पिटलात पहिल्यापासून सगळी कहाणी सांगावी लागली. तेव्हा हे विचार: कुठल्या हॉस्पिटलला अटॅच आहेत? ॲडमिट केलं तर स्वतः राउंडला येतात का? सुट्टीवर असले तर बघतं कोण? रिपोर्ट दाखवायला परत पूर्ण फी का? घरी व्हिजिटला येतात का, हे आता विचारण्यात अर्थ नाही, पण विचार.

खडूस_आजोबा
या एका प्रतिसादाला माझ्याकडून +१. लिहून ठेवा.

ऋजुता_बी
थँक्स मीनाक्षीताई. शनिवारचा नंबर रद्द केला. निखिलच्या वडिलांचे फिजिशियन आहेत, त्यांचा क्रमांक शोधला. एम.बी.बी.एस. आणि एम.डी. जनरल मेडिसिन, दोन्ही पुणे विद्यापीठ, १९९० च्या दशकातलं. पण नाशिकचे डॉक्टर आणि आरोग्य विद्यापीठाची पदवी नाही, हे कसं?

गोदाकाठ
अहो, आपल्या म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठच १९९८ चं. त्याआधी शिकलेल्यांची पदवी पुणे, मुंबई, नागपूर अशा विद्यापीठांचीच असणार. यात काळंबेरं काही नाही.

ऋजुता_बी
ओके. फोन केला. सकाळी हॉस्पिटलच्या राउंडला, संध्याकाळी साडेपाच ते नऊ दवाखाना, गुरुवारी बंद. ॲडमिट करतात, स्वतः येतात. नवीन पेशंटला पहिल्या वेळी जास्त वेळ देतात, म्हणून आठवड्यात मोजकेच घेतात. पुढच्या बुधवारचा नंबर मिळालाय. तोवर मुंग्यांचं काय करू?

निम_सरकारी
चालताना तोल जात असेल, पायाला जखम असेल, किंवा एकाच बाजूचा हातपाय अचानक बधिर झाला तर बुधवारची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. तसं काही नसेल तर थांबायला हरकत नाही. अनवाणी फिरू देऊ नका, घरातसुद्धा. जाताना गोळ्यांची पाकिटं सगळी पिशवीत घाला, बंद झालेल्या आणि मेडिकलमधून मनाने आणलेल्या गोळ्यांचीही. काढ्याची बाटली असेल तर तीही. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी आधी कधी केली ते बघा, त्यातून साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज येतो. आणि आई एकट्या नकोत. निखिल येईल?

ऋजुता_बी
निखिल येतोय. मी फोनवर असेन. जुन्या डॉक्टरांकडे तिचे वीस वर्षांचे कागद होते, ते मिळतील का?

गोदाकाठ
ॲडमिट झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि मागितले की ७२ तासांत द्यायचे असा नियम आहे. ओपीडीच्या जुन्या वह्यांचं मात्र डॉक्टरांच्या सवयीवर असतं. फोन करून बघा, जुनी माणसं ठेवतात.

मीनाक्षी_रा
बुधवारचा तो दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट मागच्या बाजूने, मेडिकलच्या दुकानाशेजारच्या बोळातून. पुढच्या जिन्याने नेऊ नकोस म्हणावं निखिलला.

पेठेतला_पंत
मिसळीचं राहिलंच.