मदत हवी आहे : घोडी मोरकी घालू देत नाही, आणि घरात तिघांच्या तीन तऱ्हा

माडाखालची:
नमस्कार मंडळी. गाई, कुत्रे, मांजरं यांचे धागे इथे ढिगाने आहेत, घोड्याचा एकही सापडला नाही, म्हणून नवीन काढते.

पेडणे तालुक्यात आमची थोडी बागायत आहे. मामांनी हौसेने सारंगखेड्याच्या यात्रेतून एक घोडी आणली. कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ), आठेक वर्षांची, आधी वरातीत नाचणारी. आमच्या गावात घोडा म्हणजे शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचाला कंबरेला बांधतात तो लाकडी. खऱ्या घोड्याचं कुणाला विचारायचं हाच प्रश्न आहे.

चंदी (दाणा) हातातून खाते, खरारा मजेत करून घेते, हाक मारली की कुंपणापाशी येते. पण मोरकी, म्हणजे तोंडावर चढवायचा पट्टा, हातात दिसली की मान आभाळात. हात कानामागे जायच्या आत मान झटकून दोन पावलं मागे सरते. वाटेवर बुजते तेही भलत्याच गोष्टींना. ढोल-ताशाला ढिम्म, उलट शिगम्याच्या तालमी सुरू झाल्या की गोठ्यात उभ्याउभ्या पाय उचलायला लागते! आणि शेजाऱ्यांच्या लाकडांवरची निळी ताडपत्री जरा फडफडली की संपलं.

तिला सांभाळायला एक काका आहेत, बेळगावकडचे, जन्म घोड्यांत गेलेला. त्यांची दोरी कायम आखडलेली, माझी सैल. मान वर गेली की ते खेचतात, तरीही ऐकलं नाही तर "आज तिचं मन नाही" म्हणून सोडून देतात. ते "होऽ" म्हणतात म्हणजे थांब. मामा "होऽ होऽ" करत थोपटतात म्हणजे शाबास. घोडीने यातलं काय घ्यायचं?

तिचा विश्वास कसा मिळवायचा? आणि काकांना न दुखावता हे कसं सांगायचं? व्हिडिओ बघून शिकलेल्या माझ्यासारखीने त्यांना शिकवणं मला बरं वाटत नाही.

दुडकी:
विश्वासाचं नंतर बघू, आधी दुखणं आहे का ते बघा. कानात गोचीड आहेत का? दाढा तपासल्या आहेत का? घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गाल कापतात, त्या कानशीने घासून घ्याव्या लागतात. अशा गालावर मोरकीचा पट्टा दाबला तर कुठलीही घोडी मान झटकेल.

दुसरं, ओठांचे कोपरे नीट बघा. वरातीच्या घोड्यांना अजूनही काटेरी लगाम घालणारे लोक आहेत. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1965च्या नियमांनी त्यावर बंदी आहे, पण विचारतो कोण!

माडाखालची:
बघितलं. कान साफ आहेत. पण डाव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी जागा पांढरट, घट्ट आणि बिनकेसांची आहे. तिथे बोट नेलं तर ती हलली नाही, फक्त श्वास धरून उभी राहिली. काका बघून काही बोलले नाहीत. दातांसाठी डॉक्टरांना बोलावलं आहे.

खोगीरभरती:
जुनी जखम दिसते आहे. तोंडाकडे येणाऱ्या हाताचा अर्थ तिने एकदा लावला आहे, तो बदलायला वेळ लागेल.

आता शिकण्याचं. घोडा दाबाने शिकत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी शिकतो. दोरी ताणली हा प्रश्न, सैल झाली हे उत्तर. तुमच्याकडे दोरी सुटते ती मान आभाळात असताना. म्हणजे तुम्ही सगळे मिळून तिला "मान वर केली की सुटका" हाच धडा देताय, आणि ती हुशार आहे म्हणून तो पक्का शिकली आहे. तुमची कायम सैल दोरी दिसायला प्रेमळ, पण त्यात प्रश्नच नाही. कायम आखडलेल्या दोरीत उत्तर नाही.

काही दिवस मोरकी खुंटीवर राहू द्या. समोरून जाऊ नका. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. खांद्याच्या बाजूने जा. आयाळ संपते तिथे, खांद्यांच्या वर, जरा जोर लावून खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून बघितलेलं आहे. मग हात मानेवरून इंचाइंचाने वर न्या. कान ताठ झाला, श्वास धरला की तिथेच थांबा. मागे घेऊ नका, पुढेही जाऊ नका. मान जरा खाली आली, नाक फुरफुरलं की लगेच हात काढा. लगेच म्हणजे लगेच. "अगं शहाणी गं माझी" म्हणत बसलात तर वेळ गेली.

निळ्या ताडपत्रीचं नवल वाटून घेऊ नका. घोड्यांना तांबडा-हिरवा फरक नीट कळत नाही, पण निळं चांगलं दिसतं. परतीच्या वाटेवर तीच ताडपत्री वेगळ्या कोनातून दिसते, तेव्हा पुन्हा बुजली तर तो हट्ट समजू नका.

सड्यावरचा:
काकांबद्दल. शिकवू नका, विचारा. "काका, वरातीत ही कशावर थांबायची?" एवढंच. गड्याला त्याच्या कामाचं विचारलं की तो खुलतो.

माडाखालची:
विचारलं. काका हसायलाच लागले. "बाय, बँडबाजात तोंडाने काय ऐकू येणार? खांद्यावर तळहात दाबायचा, थांबली की काढायचा." मग स्वतःच करून दाखवलं. घोडी जागच्या जागी थांबली! खोगीरभरती, तुम्ही लिहिलंत तेच ना हे? ते त्यांच्या हातात आधीपासून आहे, फक्त दोरीपर्यंत आलेलं नाही. मग मीच म्हटलं, मोरकीचंही तुम्ही असंच करून बघा, मी शेजारी उभी राहते. काल पट्टा नुसता गालाला टेकवला, तिने मान खाली घेतल्यावर त्यांनी तो लगेच काढला. डोक्यावर अजून चढवलेला नाही. दात तपासून होईपर्यंत चढवणारही नाही.

"होऽ" आता फक्त थांबण्यासाठी, असं ठरलं आहे. मामा रुसले आहेत, कारण शाबासकीसाठी त्यांना दुसरं काही सुचत नाही.

शेजाऱ्यांनी ताडपत्रीचा एक जुना तुकडा दिला आहे. तो गोठ्याजवळ बांधू की जमिनीवर पसरू?

खोगीरभरती:
बांधू नका. मोकळ्या जागी जमिनीवर घडी करून ठेवा, चार कोपऱ्यांवर दगड. दोरी लांब ठेवा आणि तिचं तिला हुंगायला जाऊ द्या. तिच्या आणि ताडपत्रीच्या मध्ये कुणी उभं राहू नका, बुजली तर अंगावर येईल. मामांना सांगा, खाजवणं हीच शाबासकी, बोलायची गरज नाही.