बंडखोर म्हणावा तर ‘सामना’तला मास्तरच!

अंबाजोगाईकर: काल रात्री ‘सामना’ (१९७४) पुन्हा बघितला. बंडखोर म्हटलं की मुठी आवळणारा हीरो डोळ्यापुढं येतो. श्रीराम लागूंचा मास्तर तसला नाहीच. झिंगलेला, गावात ना नात्याचा ना गोत्याचा. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील त्याला घरी ठेवून घेतो, आणि हा त्याचंच खाऊन-पिऊन त्यालाच गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं? मराठी पडद्यावर याच्या तोडीचं बंड दाखवा.

दुधनाकाठ: भाऊ, सिनेमा हिंदुराव झालेल्या निळू फुल्यांचा आहे. लागूंच्या घशात अजून नाटकच. निळूभाऊंनी नुसती मान तिरपी केली तरी आमच्याकडचे दोन-तीन चेअरमन आठवतात. नावं लिहीत नाही, ऊस घालायचाय आम्हाला.

अंबाजोगाईकर: गावची बोली बोलला असता तर गावातलाच झाला असता की! तो परका वाटायलाच पाहिजे.

धारूरचा डोंगर: परका म्हणून धाडस, हे काही पटत नाही. माझे आई-बाप वीस वर्षं ऊसतोडीला कारखान्यावर गेले. दिवाळी झाली की ट्रॅक्टरवर बिऱ्हाड, पाच-सहा महिने खोपीत. आमच्यापेक्षा परकं कोण होतं त्या गावात? पण वजन कमी का भरलं, हे टोळीतल्या एकानंही कधी विचारलं नाही. कामून? मुकादमाकडनं आगाऊ घेतलेल्या पैशाची उचल अंगावर. मास्तरला ना उचल, ना लेकरं. त्याचं काय जातंय विचारायला?

तिसरी घंटा: उचल नाही कशी? हिंदुरावची दारू हीच त्याची उचल! पिऊनही गप्प बसत नाही, तिथंच लागू मोठे. ‘पिंजरा’ (१९७२) आठवा. तिथंही लागू मास्तरच, पण आदर्शावरून घसरत जाणारा. इथं आधीच घसरलेला माणूस उठतो. दोन वर्षांत तोच नट उलटी वाट चालला.

दुधनाकाठ: हे भारी. तरी माझं मत निळूभाऊंनाच.

धारूरचा डोंगर: दारूचं बरोबर बोललात, माझ्या ध्यानात नव्हतं आलं. पण दारू सुटंल एखाद्याची. उचल नाही फिटली तर पुढच्या साली परत कोयता.
मागं आईला मोबाइलवर दाखवला होता हा सिनेमा. मास्तरकडं तिचं ध्यानच नव्हतं. मधीच म्हणली, “त्या मारुतीच्या बायकोनं पुढं कसं केलं आसंल रे?”