मदत हवी आहे : दारूगोळा कारखान्याजवळच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. माझा पुतण्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, बॅराबू गावाजवळ घर घेण्याच्या विचारात आहे. त्या घराला नळयोजना नसून खाजगी बोअरवेल आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, तेथे बॅजर हा दारूगोळा कारखाना उभा राहिला आणि उत्पादन 1975 मध्ये थांबले, तरी टाकाऊ स्फोटके उघड्यावर जाळलेल्या खड्ड्यांतून डायनायट्रोटोल्युइन (डीएनटी) भूजलात उतरले. हे रसायन रक्त व यकृतावर परिणाम करते आणि त्यापासून कर्करोगाचा संभव मानला जातो. आपल्याकडे पाणी उकळले की निश्चिंत होण्याची सवय आहे. ती इथे निरुपयोगी.

डीएनटीची सहा समघटक रूपे (अणू तेच, पण मांडणी वेगळी) असल्याने नेहमीच्या तपासणीत ती सर्व येतात का, की प्रयोगशाळेला स्वतंत्रपणे सांगावे लागते? सक्रिय कोळशाचे फिल्टर बसवल्यास ते किती काळाने बदलावे, हे कशावरून ठरवतात? पाणी-रसायनशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. घराचा करार होण्यापूर्वी उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील.