लहान शाळेचं वार्तापत्र कुणी लिहायचं: मुलांनी की कार्यालयाने?

कोपऱ्यातला_बाक (धागाकर्ती)

मी एका छोट्या खासगी शाळेत शिकवते. वर्ग लहान, सगळे सगळ्यांना नावानिशी ओळखतात. दर महिन्याला शाळा पालकांना चार पानी वार्तापत्र पाठवते. मजकूर कार्यालयात तयार होतो, मुख्याध्यापिका तपासतात आणि अंक निघतो. त्यात स्पर्धांचे निकाल असतात, पाहुण्यांचं स्वागत असतं, रांगेत उभ्या मुलांचा फोटो असतो. गेल्या अंकात शाळेच्या नाटकाची बातमी होती. तिच्यातल्या बहुतेक ओळी पाहुण्यांची नावं आणि पदं यांतच संपल्या. नाटक कुणी लिहिलं, रंगमंचामागे कोण राबलं, याचा पत्ता नाही.

याच नाटकाबद्दल सहावीतल्या एका मुलाने वहीत लिहिलं होतं. पडदा ओढायचं काम त्याच्याकडे होतं. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी दोरी कप्पीत अडकली आणि पडदा अर्ध्यावर थांबला. त्याने दोरी तशीच ताणून धरली आणि दिव्यांपाशी बसलेल्या मुलीला मानेने खूण केली. तिने सगळे दिवे मालवले. लोकांना वाटलं, प्रवेश असाच संपतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सुतारकाकांनी त्याच्यासमोर कप्पी उघडली, तर आत दोरीचा सुटलेला पीळ गुंतलेला. आता तालमीआधी दोरीची टोकं तपासायची जबाबदारी त्याने स्वतःहून घेतली आहे.

माझ्या मते ही खरी शाळेची बातमी, आणि ती वार्तापत्रात यायला हवी होती. म्हणून माझा आग्रह आहे की वार्तापत्र मुलांच्या हाती द्यावं. विषय ठरवणं, माहिती गोळा करणं, लिहिणं, मुद्रितं तपासणं, सगळं. शिक्षकाने शेजारी बसावं, विचारलं तर सांगावं, पेन मात्र मुलांच्याच हातात राहू द्यावं.

हे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेलं आहे. फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या शाळेत सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने 1920च्या दशकात वर्गातच लहानसा छापखाना आणला. मुलं आपापलं लिहिलेलं वाचून दाखवायची, छापायचं कोणतं ते वर्ग ठरवायचा, छपाईच्या अक्षरांचे खिळेही मुलंच जुळवायची आणि छापलेली पानं दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवायची. पोलंडमधल्या वॉर्सात यानुश कोर्चाक या डॉक्टर-लेखकाने 1926मध्ये एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणी मुलांसाठी सुरू केली. तिचे बातमीदार ठिकठिकाणची मुलंच होती. ती 1939पर्यंत चालली. आपल्याला चार पानं जड जाऊ नयेत.

तुमच्या शाळांत काय होतं? विरोध असेल तर तोही सविस्तर लिहा.

---

हिशेबवही

विरोध आहे, म्हणून सविस्तरच लिहितो.

मी अशाच एका छोट्या शाळेच्या व्यवस्थापनात काम केलं आहे. वार्तापत्र हे शाळेचं अधिकृत पत्र असतं. आजचे पालक ते वाचतात, तसंच प्रवेशाचा विचार करणारं कुटुंबही वाचतं. खासगी शाळा शुल्कावर चालते आणि लहान शाळेत गाठीला फारसं काही नसतं. मोजकी मुलं दुसरीकडे गेली तरी एखाद्या शिक्षकाचा पगार अडचणीत येतो. अशा वेळी पडदा अडकल्याची बातमी अनोळखी पालकाच्या हातात पडली, तर तो "यांना साधा पडदा सांभाळता येत नाही" असंच म्हणेल. सुतारकाका आणि कप्पीपर्यंत तो वाचतच नाही.

पाहुण्यांच्या नावांबद्दल तुम्ही नाराज आहात. पण प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक देणाऱ्या माणसाचं नाव आणि पद अचूक छापणं याला मी कृतज्ञता म्हणतो. शिवाय परीक्षेची तारीख किंवा बसची वेळ चुकीची छापली गेली, तर पालक कुणाला जाब विचारणार? सातवीतल्या संपादकाला?

मुलांनी लिहावं, जरूर लिहावं. त्यासाठी भित्तीपत्रक आहे, हस्तलिखित आहे. दोन वेगळी कामं एकाच कागदावर आणू नका.

---

शाईपुसणी

भित्तीपत्रक जिन्याजवळ टांगलेलं असतं, महिनाभर ते कुणी बदलत नाही आणि घरी तर ते पोचतच नाही. लिहिणाऱ्या मुलाला आपलं लिखाण आई-बाबांनी आणि शेजारच्या वर्गाने वाचलेलं हवं असतं. वाचकच नसेल, तर त्या स्वातंत्र्याचं त्याने करायचं काय?

दुसरं म्हणजे लहान शाळेची ताकद नेमकी इथेच आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लहान-मोठ्या माध्यमिक शाळांचा अभ्यास करून 1964मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण त्यात प्रत्यक्ष जबाबदारीचं काम करणाऱ्या मुलांचं प्रमाण लहान शाळांत जास्त निघालं. कारण सरळ आहे. नाटक, खेळ, अंक, सगळ्यांना माणसं लागतातच. मुलं कमी असली की अभ्यासात मागे असलेल्या मुलालाही कुणीतरी हाक मारतं. मोठ्या शाळेत तोच मुलगा प्रेक्षकांत बसून राहतो. ही हाक मारायची संधी आपण कार्यालयाला देऊन टाकतो, याचं मला वाईट वाटतं.

---

दाराशी_चपला

मी पालक आहे. धागाकर्तींच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. लहान शाळेत नाव न छापताही माणूस ओळखू येतो. "सहावीतला पडदा ओढणारा मुलगा" म्हटलं की झालं, सगळ्या शाळेला कळलं. इथे प्रसंग कौतुकाचा आहे म्हणून ठीक. उद्या "शाळा सोडून जाणारी मैत्रीण" असा लेख आला आणि ती घरच्या भांडणामुळे जात असेल, तर?

अमेरिकेत हेझलवुड इथल्या शाळेचं प्रकरण याच कारणाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात गर्भवती विद्यार्थिनींवर एक लेख होता आणि आई-वडिलांच्या घटस्फोटावर दुसरा. मुलींची नावं बदललेली होती, तरी मजकुरावरून त्या ओळखू येतील अशी मुख्याध्यापकांना भीती वाटली. दुसऱ्या लेखाच्या त्यांनी पाहिलेल्या खर्ड्यात एका मुलीने वडिलांबद्दल नावानिशी तक्रार केली होती आणि वडिलांना बाजू मांडायची संधी मिळालेली नव्हती. त्यांनी ती पानं काढली. 1988मध्ये न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. ती तर सरकारी शाळा होती. तिथल्या राज्यघटनेतलं अभिव्यक्तीचं संरक्षण खासगी शाळेला लागूच होत नाही.

फोटोंचंही तसंच. गणवेशातला चेहरा, खाली पूर्ण नाव आणि शेजारी "दर मंगळवारी संध्याकाळी सराव" अशी ओळ. एकेक तपशील निरुपद्रवी वाटतो. तिन्ही एकत्र आले की मूल कुठे, कधी, कुठल्या नावाने सापडेल हे कुणालाही कळतं. अंक पालकांच्या ग्रुपवर गेला की तो पुढे कुठे जातो यावर कुणाचाही ताबा राहत नाही. बारा वर्षांच्या संपादकाकडून हे सगळं लक्षात ठेवण्याची अपेक्षा मी करणार नाही.

---

कोपऱ्यातला_बाक (धागाकर्ती)

@दाराशी_चपला, तुमचा फोटोंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो आजच्या अंकालाही लागू आहे, जो मोठी माणसं काढतात! चेहरा, नाव आणि सरावाचा वार एकत्र छापणारं कार्यालयच आहे. उलट हा नियम मुलांना एकदा समजावून सांगितला की ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात, असा माझा अनुभव आहे. वर्गात एका मुलीचा फोटो लावायचा होता तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, "तिला विचारलं का?" फोटो लावण्याआधी विचारायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

हेझलवुडबद्दल एवढंच म्हणेन की मुख्याध्यापकांची काळजी समजू शकते, पद्धत नाही. आक्षेप दोन लेखांवर होता, पण दोन अख्खी पानं गेली आणि त्यांच्यासोबत कुणाचाही आक्षेप नसलेले लेखही गेले. ते लेख लिहिणाऱ्या मुलांनी यातून काय घ्यायचं? शेजारी बसून "या वाक्यामुळे तुझी मैत्रीण ओळखू येईल, काय करूया?" असं विचारायला किती वेळ लागतो? बालहक्क संहितेत, म्हणजे 1989च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, कलम 12 मुलाचं मत ऐकून घ्यायला सांगतं आणि कलम 16 त्याच्या खासगी आयुष्याचं रक्षण करायला. दोन्ही एकाच करारात आहेत. एकासाठी दुसरं सोडा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

@हिशेबवही, सुट्ट्या, परीक्षा आणि बसच्या वेळांचं पहिलं पान कार्यालयाने काढावं. त्याला माझी हरकत नाही. देणगीदारांचे आभारही तिथेच मानावेत. उरलेली तीन पानं मुलांची.

---

मागच्या_रांगेतून

मी अशाच लहान शाळेतून शिकून बाहेर पडलो. वर शाईपुसणी यांनी जे लाभ म्हणून सांगितलं, त्याची दुसरी बाजू मला सांगायची आहे, कारण ती कुणी लिहीत नाही.

मुलं कमी म्हणून प्रत्येक उपक्रमाला तीच तीच मुलं लागतात. मी समूहगीतात होतो, कबड्डीत होतो, विज्ञान प्रदर्शनात होतो, आणि यांतलं काहीही मी निवडलेलं नव्हतं. नाही म्हणायची सोयच नसायची. "तू नाहीस तर संघ होत नाही" हे वाक्य बाईंच्या तोंडून प्रेमाने आलं, तरी ते ऐकणाऱ्याला दुसरा रस्ता उरत नाही. बार्कर-गंप यांच्या अभ्यासातही हे आहे: लहान शाळेतल्या मुलांना सहभागाची ओढ जास्त जाणवायची आणि दबावही जास्त जाणवायचा. पहिला अर्धा भाग सांगून थांबू नका.

आता याच मुलांवर दर महिन्याला तीन पानं भरायची जबाबदारी टाकणार. अंकाची तारीख जवळ आली की कोण लिहिणार? ज्यांना सहज लिहिता येतं ती दोन-तीन मुलं. बाकीच्यांची नावं संपादक मंडळात शोभेला. वार्तापत्र मुलांनी काढावं याला माझा विरोध नाही, महिन्याच्या वेळापत्रकाला आहे. सत्रातून एकदा काढा. मजकूर नसेल तर त्या वेळी काढू नका. रिकाम्या बसलेल्या मुलाला रिकामं बसू द्या.

---

शाईपुसणी

दबावाची बाजू लिहायला हवी होती, ती तुम्ही लिहिलीत, बरं झालं. सत्रातून एकदा हे मलाही पटतं.

---

सकाळची_बस

थोडं वेगळं मत. माझी मुलगी धावते, पदकं आणते. तिच्या पदकाची बातमी आली की ती कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवते. इथे धागाकर्तींनी सुरुवातीलाच "स्पर्धांचे निकाल" असं नाक मुरडून लिहिलं आहे. पहाटे उठून केलेल्या मेहनतीची चार ओळींची नोंद झाली तर त्यात वावगं काय? मुलांच्या हाती अंक गेला की मैत्रिणींच्या गटाबाहेरच्या मुलीचं पदक गाळलं जाईल, अशी मला सरळ सरळ भीती आहे. कार्यालय निदान सगळ्यांचे निकाल छापतं.

---

कोपऱ्यातला_बाक (धागाकर्ती)

@सकाळची_बस, निकाल पहिल्या पानावर, कार्यालयाच्या यादीत, एकही न गाळता. त्यात तडजोड नाही. आतल्या पानांवर मात्र तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्याशी बोलून लिहावं: सुरुवातीला पाय कुठे ठेवते, हरलेल्या शर्यतीनंतर काय बदललं. पदकाची ओळ सगळ्या खेळाडूंची सारखीच असते. हे मात्र फक्त तिचं असेल, आणि तेही ती कापून ठेवेल असं मला वाटतं.

बक्षिसांबद्दल माझं मत कडक आहे, ते लपवत नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973मध्ये बालवर्गातल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे बक्षिसाचा आनंद ठेवावा, पण प्रत्येक कामाच्या टोकाला ते आधीच टांगून ठेवू नये. "छापून येईल म्हणून कर" हेही मी त्यातच धरते.

@मागच्या_रांगेतून, सत्राचा मुद्दा घेतला. आणि संपादक मंडळात शोभेचं नाव नको, ज्याने त्या अंकासाठी काम केलं त्याचंच नाव. फोटो काढणं, मोजमाप घेणं, वाचून चुका काढणं हेही काम आहे. सगळ्यांनी लेखच लिहिला पाहिजे असं नाही.

---

हिशेबवही

पहिलं पान कार्यालयाचं हे ठरत असेल तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा सांगतो: अंकावर शाळेचं नाव आहे, त्यामुळे शेवटची सही मुख्याध्यापिकांचीच राहणार. एखादा लेख त्यांना योग्य वाटला नाही तर तो छापला जाणार नाही. हे मुलांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. आधी "अंक तुमचा" म्हणायचं आणि छपाईच्या आदल्या दिवशी पान काढायचं, यापेक्षा कार्यालयाचं जुनं वार्तापत्र जास्त प्रामाणिक आहे.

---

कोपऱ्यातला_बाक (धागाकर्ती)

सही त्यांचीच. पण लेख थांबवला तर कारण लिहिणाऱ्या मुलाला लेखी द्यायचं, आणि त्याला एकदा दुरुस्त करून आणायची संधी द्यायची. एवढी अट मी सोडणार नाही.

---

हिशेबवही

लेखी कारण मान्य. दुरुस्तीची संधीही मान्य, मात्र अंक छपाईला जायच्या आठवडाभर आधी. ऐन वेळी आणलेला लेख पुढच्या सत्रात.

---

दाराशी_चपला

या सगळ्यात ज्या मुलाबद्दल लेख आहे त्याची संमती कुठे आहे? लिहिणाऱ्याला दोन संधी आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला एकही नाही, हे मला चालणार नाही. त्या मुलाने मजकूर आधी वाचलेला असावा आणि "नको" म्हटलं तर कारण न विचारता तो लेख थांबवावा. फोटोसाठी पालकांची परवानगी वर्षातून एकदा सरसकट घेऊ नका, प्रत्येक अंकासाठी वेगळी घ्या. हे होत नसेल तर माझं मत अजूनही कार्यालयाच्याच बाजूने आहे.