अनुभव धागा: ‘काडेपेटीवाली मुलगी’ घेऊन व्याकरण आणि अलंकार कसे शिकवता?

हान्स क्रिस्तियन अँडरसनची 1845 सालची डॅनिश गोष्ट: काड्या विकणारी गरीब मुलगी थंडीत ऊबेसाठी एकेक काडी पेटवते, उजेडात तिला हवं ते दिसतं, आणि सकाळी ती गारठून मेलेली सापडते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत ती कशी चालते, कुठे फसते, तेवढंच लिहा. आठवणी नकोत.

बेळगाव, हायस्कूल
व्याकरणातला प्रयोग, म्हणजे क्रियापद कुणाला धरून बदलतं ते, शिकवायला हिच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. ‘काडी पेटली’ अकर्मक, कर्तरी (क्रियापद कर्त्याला धरून). ‘तिने काडी पेटवली’ सकर्मक, कर्मणी (क्रियापद कर्माला धरून). ‘आजीने नातीला उचलले’ भावे (क्रियापद दोघांनाही धरून नाही). तिन्ही गोष्टीतच सापडतात, बाहेरून आणावं लागत नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. वहीत ‘मुलगी काडी पेटवली’ येतं. कन्नडात ‘हुडुगी कड्डी हच्चिदळु’: कर्त्याला प्रत्यय नाही आणि क्रियापद कर्त्यालाच धरून. पोरं तोच साचा मराठीत ओततात. काडीही स्त्रीलिंगी, मुलगीही स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘ने’ गळलेला दिसला तरी क्रियापद कुणाला धरून आहे ते कळत नाही. म्हणून कर्म बदला: दिवा. ‘मुलगी दिवा पेटवली’ लिहिलं की चूक उघडी पडते. हवं ‘मुलीने दिवा पेटवला’. ‘मी’ला तर ‘ने’ लागतच नाही, तिथे क्रियापद हीच एक खूण. ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणणाऱ्या मुलाला भाकरी, लाडू, केळं ही तीन कर्मं देऊन तीन वाक्यं लिहायला लावा.

‘ने’ची सवय लागली की उलटी चूक सुरू होते: ‘तिने धडा शिकली’. शिकणे, विसरणे, बोलणे यांचा भूतकाळ कर्तरीच, ही यादी फळ्याच्या कोपऱ्यात राहू दे.

खानापूर तालुका
अलंकाराआधी गोष्ट सलग वाचा, मध्ये थांबून व्याकरण नको. ‘गाल गुलाबासारखे लाल’ असं वाक्य करून घेतलं की उपमेय (गाल), उपमान (गुलाब), साधर्म्यवाचक शब्द (सारखे) आणि समान गुण (लाल) असे उपमेचे चारही भाग निघतात. मुलं फसतात ती शेगडीपाशी. काडीच्या उजेडात मुलीला शेगडी दिसते, ते उत्प्रेक्षा (एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना) म्हणून लिहितात. तो पात्राला झालेला भास. लेखकाने ‘ज्योत जणू शेगडीच’ म्हटलं तर उत्प्रेक्षा.

खरी कारागिरी पुनरावृत्तीत आहे. शेगडी, भाजलेला हंस, नाताळचं झाड: काडी विझली की सगळं गायब. मग आजी दिसते, आणि मुलगी उरलेला जुडगाच पेटवते. ‘इथेच सगळ्या काड्या का?’ एवढं विचारून गप्प बसावं. ‘आजी जाऊ नये म्हणून’ हे उत्तर वर्गातूनच येतं.

सकाळी लोक म्हणतात, ऊब घ्यायला पेटवल्या असतील. तिने काय पाहिलं ते वाचकाला माहीत, त्यांना नाही. याला विरोधाभास लिहू देऊ नका. हा प्रसंगातला उपरोध.

निपाणी
बर्फाच्या जागी आपलं धुकं घालू नका, गोष्ट लंगडी पडते. स्थानिक गरिबी लेखनासाठी ठेवा: विड्या वळणाऱ्या घरातल्या मुलीवर सात-आठ ओळी. पान कातरणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं, ही क्रियापदं भूतकाळात घातली की कर्मणीचा सराव आपोआप होतो. मात्र तृतीय पुरुषातच लिहून घ्या. ‘तुमच्यात कुणाच्या घरी वळतात?’ हे विचारायचं नाही. वही तपासतानाही त्या परिच्छेदाचं वर्गात जाहीर वाचन टाळा.