मदत हवी आहे: खाणीच्या पर्यावरण अहवालात आमचा झराच नाही, जनसुनावणीला १९ दिवस उरलेत

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितेय, पण वेळ कमी आहे आणि गावात विचारायला कुणी नाही.

आमचं गाव सह्याद्रीत, सड्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठाराच्या पायथ्याला. सड्यावर जांभ्याखाली बॉक्साईट आहे हे आजोबांच्या काळापासून सगळ्यांना माहीत. आता तिथे खाणीचा प्रस्ताव आलाय. जमीन बरीचशी गायरान, वरच्या अंगाला राखीव वन. खाजगी सातबारा कुणाचाच नाही, त्यामुळे नुकसानभरपाईच्या यादीतही कुणाचं नाव नाही. गुरं मात्र आमची तिथेच चरतात आणि धनगरवाडा तर वरच राहतो. गावाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

जनसुनावणीची जाहिरात ज्या पेपरात आली तो आमच्याकडे येत नाही. आम्हाला कळेपर्यंत ११ दिवस गेले होते. ग्रामपंचायतीत चौकशी केली तेव्हा कपाटातून एक पाकीट निघालं. आत मराठीतला सारांश, १६ पानांचा. मूळ अहवाल ४०० पानांच्या वर, इंग्रजीत. भाचा शहरात शिकतो, त्याच्याकडून फोनवर वाचून घेतला.

सारांशात लिहिलंय: "प्रकल्पक्षेत्र पडीक व खडकाळ असून वनस्पती विरळ आहे. क्षेत्रात बारमाही जलस्रोत नाही." पाहणी केलीय मार्च ते मे. त्या दिवसांत सडा तव्यासारखा काळा पडलेला असतो हे खरंच आहे. पण पावसाळा सरताना या म्हणावं. पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं, सीतेची आसवं, गेंद, तेरडा. आणि त्या पावसाचं पाणी जातं कुठे, तर कातळात मुरतं आणि खाली आमच्या झऱ्याला येतं.

तो झरा प्रस्तावित हद्दीपासून चालत पाच मिनिटांवर, उताराला आहे. मी गावच्या पाणी समितीत आहे. आमची नळपाणी योजना त्याच झऱ्यावर चालते, पंप नाही, उतारानेच पाणी टाकीत येतं. काल मी आणि जाऊबाई बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन गेलो. १५ लिटरची बादली ४० सेकंदांत भरली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा आहे हा. सासूबाई म्हणतात एप्रिल अखेर बादली भरेपर्यंत विडा लावून होतो, पण झरा आटलेला त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नाही.

माझे प्रश्न:

हे सगळं सुनावणीत बोललं तर कुणी लिहून घेतं का? की बोलायचं आणि घरी यायचं?

अहवालातली माहिती चुकीची आहे हे "आम्हाला माहीत आहे" यापलीकडे सिद्ध कसं करायचं?

गावातली तरुण मुलं म्हणतात सुनावणीवर बहिष्कार टाकू, मांडव उधळून लावू. मला ते पटत नाही, पण त्यांना समजावण्याइतकं माझ्याकडे काही नाही.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

– झऱ्याकाठची

*

रानवाट

ताई, सगळ्यात आधी बहिष्काराचं. असं करू नका, हात जोडून सांगतो. आमच्या भागात आम्ही हेच केलं होतं. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत सुनावणीला गणसंख्येची अट नाही. दहा माणसं हजर असली तरी सुनावणी झाली असं धरतात. आम्ही बाहेर घोषणा देत उभे राहिलो, आत कंपनीने आणलेली माणसं रोजगार हवा म्हणून बोलली, आणि इतिवृत्तात तेवढंच उतरलं. पुढे वरच्या समितीसमोर आमच्या गावाचं एकही वाक्य गेलं नाही. ती चूक आजही सलते.

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, हेही मुलांना सांगा. तिथे बसलेले अधिकारी खाण मंजूर किंवा नामंजूर करत नाहीत. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचे अधिकारी अध्यक्ष असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस सोबत असतो. त्यांचं काम ऐकणं आणि नोंदवणं. निर्णय नंतर तज्ज्ञ समिती आणि प्राधिकरण घेतं, तेही कागद पाहून. म्हणून कागदावर काय उतरतं हाच सगळा खेळ आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, लिहून घ्यावंच लागतं. पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण करायचं असतं, हजर असलेल्यांची नोंद जोडायची असते, आणि शेवटी जे टिपलं ते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही करायची असते. ते वाचन होईपर्यंत कुणी हलू नका. आमच्याकडे जेवणाची वेळ झाली म्हणून लोक उठून गेले होते. वाचताना झऱ्याचा उल्लेख नसेल तर तिथल्या तिथे उभं राहून "हे राहिलं, घाला" म्हणा. आणि बोललेलं सगळं लेखीही द्या. दोन प्रती, एकीवर पोच.

सह्यमित्र

ग्रामसभेत खाणविरोधी ठराव करा, विषय संपला. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि बॉक्साईटची खाण गेली.

कायद्याचीविद्यार्थिनी

सह्यमित्र, ठराव जरूर करावा, पण "विषय संपला" म्हणून ताईंना गाफील ठेवू नका. नियमगिरीचा निकाल (सर्वोच्च न्यायालय, १८ एप्रिल २०१३) वनहक्क कायद्यावर उभा होता. तिथल्या १२ ग्रामसभांनी नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने वनमंजुरी (वनजमीन खाणीसाठी वापरायची परवानगी) नाकारली, हे बरोबर. पण तो अनुसूचित क्षेत्रातला डोंगराळ आदिवासी भाग. ताईंचं गाव अनुसूचित क्षेत्रात नसेल तर पेसा, म्हणजे अशा आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, तिथे लागू नाही.

वनहक्क कायदा मात्र सगळीकडे लागू आहे, आणि इथे राखीव वन आहे. धनगरवाड्यातले लोक "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून सामूहिक हक्काचा दावा करू शकतात. अट कडक आहे: १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथला रहिवास आणि वनावरची उपजीविका. पुरावा म्हणून दावेदार सोडून इतर वयोवृद्धांचे लेखी जबाबही नियमांत धरलेत. वाड्यावरच्या आणि शेजारच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे आजच जाऊन बसा. सामूहिक वनहक्काचा दावा दाखल केलेला आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा.

आणखी एक. पर्यावरण मंजुरी वेगळी आणि वनमंजुरी वेगळी. वनमंजुरी दोन टप्प्यांत होते, आधी तत्त्वतः, मग अंतिम. एकीत हरलो म्हणून दुसरीकडे बोलायचं थांबवू नका.

कोर्टाचा एक निकाल छापून सोबत ठेवा: उत्कर्ष मंडळ विरुद्ध भारत सरकार, दिल्ली उच्च न्यायालय, २६ नोव्हेंबर २००९. गोव्यातल्या खाणीचंच प्रकरण. सारांश सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी लोकांना मिळाला पाहिजे, आणि लोकांच्या हरकतींचा विचार कसा केला याची कारणं तज्ज्ञ समितीने दिली पाहिजेत, असं त्यात म्हटलंय. पाकीट ग्रामपंचायतीत कोणत्या तारखेला आलं? आवक नोंदवहीत तारीख असेल. तिचा फोटो काढा.

कातळफूल

मी भूशास्त्र शिकवते. ताई, तुमची बादली हा खरा शास्त्रीय पुरावा आहे, त्याला कमी लेखू नका. १५ लिटर ४० सेकंदांत म्हणजे दिवसाला ३२,४०० लिटर. हा आकडा निवेदनाच्या पहिल्या ओळीत लिहा. आता दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी, त्याच बादलीने तीनदा मोजा आणि सरासरी वहीत लिहा. सोबत दोघांच्या सह्या.

आता जरा नीट वाचा, कारण सुनावणीत तुम्हाला इथेच अडवतील. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीच्या आणि बेसॉल्टच्या थरावर अडतो आणि दोन थर जिथे उताराला उघडे पडतात तिथे झरा होऊन बाहेर येतो. बॉक्साईट त्या जांभ्याच्या टोपीतच असतं. कंपनीचा सल्लागार म्हणेल, "आमच्या खाणीचा तळ भूजल पातळीच्या वर आहे, पाण्याला धक्का लागणार नाही." ते वाक्य खरं असू शकतं आणि तरी तुमचा झरा आटू शकतो, कारण खणून नेलं जाणार आहे ते पाणी धरून ठेवणारं स्पंजच. म्हणून "भूजल पातळी किती" या वादात अडकू नका. विचारा: या झऱ्याचं पुनर्भरण क्षेत्र (जिथे मुरलेला पाऊस झऱ्याला येतो ती जागा) कोणतं, ते तुम्ही नकाशावर आखलं का, आणि खाणीने त्यातलं किती कमी होणार?

अहवालात खाणीच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते, ती काढा. झऱ्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून काढा, मोबाईलवर विसंबू नका.

मार्च ते मे पाहणी केली यात नियमभंग नाही. खाणींच्या अहवालासाठी पर्यावरण मंत्रालयाने ठरवलेल्या कार्यकक्षेप्रमाणे पावसाळा सोडून एका ऋतूची माहिती चालते. त्यामुळे "चुकीच्या ऋतूत पाहणी केली" असं न म्हणता "या एका ऋतूच्या पाहणीत सड्याचं पाणी आणि वनस्पती दिसूच शकत नाहीत, अधिक अभ्यास करा" असं म्हणा.

जुना_पाणीपुरवठा

मी ३१ वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात होतो, निवृत्त आहे. सगळे प्रतिसाद वाचले. ताईंच्या हातात सगळ्यात भक्कम कागद आहे आणि त्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही.

ताई, तुमची नळपाणी योजना मंजूर झाली तेव्हा अंदाजपत्रक झालं असेल. त्यात "उद्भव" नावाचा रकाना असतो. पाणी कुठून घेणार, ते उन्हाळ्यात पुरतं का, हे त्यात लिहावंच लागतं. उद्भव बारमाही आहे अशी खात्री पटल्याशिवाय योजनेला पैसे मिळत नाहीत. बहुधा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखलाही जोडलेला असेल. म्हणजे जो झरा अहवालाला दिसत नाही त्यावर सरकारनेच पैसे खर्च केलेत. हा कागद समोर ठेवल्यावर "गावकऱ्यांचं म्हणणं" असं म्हणून कुणाला तो बाजूला सारता येणार नाही.

आधी ग्रामपंचायतीतलं दप्तर शोधा. नाही मिळालं तर पंचायत समितीच्या पाणीपुरवठा उपविभागात जा. माहिती अधिकाराचा अर्ज टाकाच, पण त्याला ३० दिवस लागतात, तुमच्याकडे १९ आहेत. स्वतः जाऊन बसा.

झऱ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही.

काका, सापडलं. ग्रामपंचायतीच्या माळ्यावर, जनगणनेच्या गठ्ठ्याखाली. कडा वाळवीने खाल्ल्यात पण आतली पानं शाबूत आहेत. १९९७ सालचं अंदाजपत्रक. उद्भवाच्या रकान्यात शाईने लिहिलंय: "सड्याखालील नैसर्गिक झरा, बारमाही." खाली मोजणीची नोंद आहे, मे महिन्यातली. मे महिन्यातली! सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, मोजायला आलेल्या साहेबांना मीच ताक दिलं होतं.

ग्रामसेवकांनी त्याची साक्षांकित प्रत दिली. आवक नोंदवहीचा फोटोही काढला. पाकीट सुनावणीच्या २२ दिवस आधी आलंय, ३० नाही.

मुलांशी बोलले. रानवाट दादांचा प्रतिसाद चावडीवर मोठ्याने वाचून दाखवला. ते आता इतिवृत्ताच्या वाचनापर्यंत थांबायला तयार आहेत, दोघं जण सगळं मोबाईलवर चित्रित करणार. धनगरवाड्यावर उद्या जाणार आहे.

एक शंका राहिली. एवढं सगळं करूनही मंजुरी मिळालीच तर?

कायद्याचीविद्यार्थिनी

तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील. आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. मंजुरीचा आदेश कळल्यापासून ३० दिवसांत, सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत, त्यानंतर दार बंद. म्हणून सुनावणी झाल्यावर परिवेश पोर्टलवर (केंद्राचं पर्यावरण आणि वन मंजुऱ्यांचं संकेतस्थळ) प्रस्तावाची स्थिती दर आठवड्याला पाहायचं काम भाच्याला द्या.

अधिसूचनेच्या परिच्छेद ८ मध्ये असंही आहे की महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवली किंवा खोटी दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीसुद्धा रद्द करता येते. गोव्यात मोपा विमानतळाच्या प्रकरणात अर्जातच माहिती दडवल्याचं दिसल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ ला मंजुरी रोखली होती. तज्ज्ञ समितीने फेरविचार केल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती रोख उठली, तेव्हा पूर्ण विजयाची खात्री मी देणार नाही. पण तुमचं अंदाजपत्रक सुनावणीच्या नोंदीत गेलं, तर "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं" असं पुढे कुणालाच म्हणता येणार नाही.

निवेदनाचा मसुदा इथे टाका, मी आज रात्रीच पाहते.

झऱ्याकाठची

टाकते. आज मंगळवार, मोजणीचा वार ठरवलाय, आत्ताच वरून आले. तिन्ही वेळा मोजलं: ४२, ४१, ४२ सेकंद.